तुंब्याला हवी असलेली रात्र

बाई, आज सकाळी मी अक्काला सांगितलं की उद्यापासून माळावर जायचं नाही. ती नेहमीसारखी खुरपं घेऊन प्रयोगशाळेच्या मागच्या दारात उभी होती, डोक्याला फडकं बांधून. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि तशीच उभी राहिली. मग मीच तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. तुम्ही जाताना माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, तो तुकडा सोडू नकोस म्हणून. तो मी आज सोडला. हे तुम्हाला कुणी तरी सांगायला हवं आणि सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तुमच्या वेळची माणसं निवृत्त होऊन पांगली. नव्या लोकांना तुमचं नाव भिंतीवरच्या फोटोखाली वाचून माहीत आहे, तेही फोटो वर टांगलाय म्हणून मान वर केली तर.

मी निपाणीहून पहिल्यांदा इथे बेंगळूरला आले तेव्हा सगळे तुम्हाला मॅडम म्हणत. मी चुकून बाई म्हणाले. आमच्या शाळेत सवय तीच. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि विचारलंत, "बेळगावकडची काय गं तू?" त्या एका 'काय गं'ने मला घरी आल्यासारखं वाटलं. या शहरात आठवडाभर मी कुणाशी मराठीत बोलले नव्हते. हेब्बाळला तेव्हा रस्त्याच्या कडेला द्राक्षाचे मळे होते, तलावावरून वारा यायचा आणि डिसेंबरात सकाळी बसची वाट बघताना माझे दात वाजायचे. मी एक सुती साडी आणि पातळ शाल घेऊन आले होते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तुम्ही तुमचा किरमिजी स्वेटर माझ्या टेबलावर टाकलात आणि म्हणालात, "हे गाव उंचावर आहे. इथली रात्र वेगळी असते. आधी ती समजून घे, मग बियांचं बघू." मला वाटलं तुम्ही थंडीबद्दल बोलताय. तुम्ही विषयच शिकवत होता, हे कळायला मला वर्ष लागलं.

तुमच्या स्वयंपाकघराची मला प्रयोगशाळेपेक्षा जास्त आठवण येते. जर्मिनेटर, म्हणजे ज्यात दिवस आणि रात्र आपल्याला हवी तशी लावता येते ते कपाट, आपल्या खात्यात एकच होतं आणि त्यात कायम भाताच्या आणि नाचणीच्या लोकांचं बियाणं असायचं. तणाला कोण जागा देणार? म्हणून तुम्ही घरीच मांडामांड केलीत. ओट्याच्या खिडकीत पेट्री डिशेस, त्यात ओला टिपकागद, त्यावर तुंबा या पांढऱ्या फुलांच्या तणाचं बारीक तपकिरी बी. दिवसभर खिडकीत ऊन. अंधार पडला की त्याच डिशेस फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, डोशाच्या पिठाचं पातेलं सरकवून. सकाळी उठून पुन्हा खिडकीत. मी तुमच्याकडे जेवायला आले की आधी डिशेस मोजायच्या आणि मग ताटं घ्यायची. तुम्ही माझ्या गावाकडूनही तुंब्याचं बी मागवून घेतलंत. आमच्याकडे त्याला कुंभा म्हणतात आणि कोवळा असताना भाजी करतात, हे ऐकून तुम्ही खूश झालात. दोन्ही बियाणं शेजारी शेजारी ठेवलं. निपाणीचं कसंही उगवलं, खिडकीत ठेवा नाहीतर कपाटात. बेंगळूरच्या माळावरचं मात्र हट्टून बसलं. त्याला दिवसा ऊब पाहिजे, उजेड पाहिजे आणि रात्र गार पाहिजे. फ्रिजमधून काढलेल्या डिशमध्ये ज्या सकाळी पांढरे कोंब दिसले, त्या सकाळी तुम्ही मला हॉस्टेलवर फोन केलात. तुम्ही नमस्कार-चमत्कार काही केला नाहीत. "तुझ्या गावचं उनाड आहे, आमचं लाडावलेलं," एवढंच म्हणालात आणि हसत राहिलात. एकच झाड, एकच फूल, पण शेकडो वर्षं इथल्या रात्रीत राहून या बियाने रात्रीची सवय लावून घेतली होती. पाऊस पडून रात्र गार झाली की त्याला कळायचं, आता उगवायला हरकत नाही.

त्याच दिवसांत तुमची खाल्लेली बोलणीही मला शब्दन् शब्द आठवतात. मी एका डिशवर 'मेलं' असं लिहून ती धुवायला टाकली होती. तुम्ही मोरीतून ती उचलून आणलीत. "कुणी सांगितलं मेलं म्हणून?" मी म्हटलं, तीन आठवडे झाले, उगवलं नाही. तुम्ही चिमटा माझ्या हातात दिलात. "दाबून बघ की जरा. मऊ लागतंय?" नव्हतं लागत. टणक होतं. "न उगवणं म्हणजे मरणं नव्हे. हे तुला रोज सकाळी सांगायला लागणार आहे का? बी वाट बघतंय. आपल्याला नसतो तेवढा धीर त्याला असतो." खात्यातल्या सगळ्यांसमोर बोललात. मी दुपारभर रुसून बसले होते. नंतर मात्र मी हेच वाक्य मुलांना शिकवलं, माझंच असल्यासारखं, इतक्या वेळा की आता ते उच्चारताना मला लाज वाटते. कारण धीर धरून उपयोग काय, हे ना तुम्ही मला सांगितलंत, ना मी त्यांना.

माळाचा तो तुकडा तुम्ही भांडून राखला होता. प्रयोगशाळेच्या मागे, तलावाच्या अंगाला, नांगर कधी न लागलेली जमीन. चार बॅडमिंटन कोर्टांएवढी असेल. त्यात तुंबा, आघाडा, केना, कुर्डू, नावं न ठरलेली कितीतरी गवतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळं तणच. तुम्ही म्हणायचात, "ज्याला कुणी लावलं नाही आणि ज्याची कुणाला गरज नाही, ते राखायला माणूस लागतं." त्या कामाला तुम्ही अक्काला आणलंत. ती तेव्हा नवी नवरी होती, माझ्याच वयाची, पण पहिल्या दिवसापासून सगळे तिला अक्काच म्हणत. हेब्बाळच्या उड्डाणपुलाचं काम निघालं तेव्हा कुणीतरी कुंपणापलीकडे मातीचे ट्रक रिकामे केले. पुढच्या पावसात त्या ढिगावर गाजर गवत उगवलं. कातरलेली पानं, पांढरी फुलं, दिसायला नाजूक. तुम्ही पहिलं रोप उपटून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "हे बघून ठेव. हे पाहुणं म्हणून आलेलं नाही."

मग तुमचं आजारपण. तुमच्या खोलीच्या खिडकीतून एका बांधकामाची क्रेन दिसायची. तुम्ही बारीक झाला होता, आवाज गेला होता. मी नेलेली पेज तुम्ही दोन चमचे घेतलीत आणि मला जवळ बोलावलंत. मला वाटलं घराबद्दल, सामानाबद्दल काही सांगायचं असेल. तुम्ही म्हणालात, "तो तुकडा सोडू नकोस. बी मातीत आहे. आपण गेलो तरी ते आहे." मी हो म्हटलं. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार? पण मी मनापासून म्हटलं होतं, बाई.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दरवर्षी पावसाळ्यात मी आणि अक्का माळावर उतरायचो, गाजर गवत फुलायच्या आत उपटायचो. सुरुवातीला आठ दिवसांचं काम असे, मग महिनाभर पुरेना. त्याला हंगाम उरलाच नाही. फेब्रुवारीत वळवाची एक सर आली तरी उगवतं, दिवाळीच्या पावसात उगवतं, पाइप फुटून ओल आली तिथे उगवतं. आता आपल्या खात्यात तीन जर्मिनेटर आहेत. मी त्याचं बी गार रात्रीत लावलं, ऊबदार रात्रीत लावलं, उजेडात, अंधारात, जरा कोरड्या मातीत, जरा खारट पाण्यात. कुठे कमी, कुठे जास्त, पण उगवलं नाही असं फारसं कुठे झालं नाही. त्याला कशाचीच अट नाही. आणि वाढलं की त्याच्या पानामुळांतून जे मातीत उतरतं, त्याने दुसऱ्यांची उगवण मंदावते. खाली पानांची चकती अशी पसरते की जमिनीला उजेड मिळत नाही. हे सगळं मी परिषदांमध्ये सांगितलं. लोकांनी फोटो काढले.

तुंबा कमी होत होता. आधी मला वाटलं गाजर गवतामुळेच. मग कुंपणापलीकडे काचेची इमारत उभी राहिली. तिच्या मागच्या भिंतीवर एसीची यंत्रं ओळीने लावलेली आहेत, सगळी आपल्या माळाकडे तोंड करून. दिवसरात्र गरम वारा. मी मातीत तापमापक पुरले. तलावाकडचा वारा येतो तिथे माती पहाटेपर्यंत थोडी निवते, बाकी सगळीकडे रात्र होतच नाही म्हणा ना. अंधार पडतो, रात्र होत नाही. तुम्ही असताना या गावात घरात पंखा असणं म्हणजे चेष्टेचा विषय होता. मी आता जानेवारीत पंखा लावून झोपते.

मागल्या वर्षी माळावर तुंब्याचं एकही रोप आलं नाही. मी माती चाळून बी शोधलं. फार थोडं मिळालं. चिमट्याने दाबलं, टणक. काही बिया कापून औषधात भिजवल्या, ज्यात जिवंत गर्भ लाल होतो. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली बघितलं तर लालच लाल. बाई, त्या क्षणी मी अक्षरशः उडी मारली. अक्काला हाक मारून आणलं, भिंगातून दाखवलं. तिने विचारलं, "हे रक्त काय अम्मा?" मी म्हटलं, जीव आहे. उरलेल्या बियांतल्या निम्म्या मी जर्मिनेटरमध्ये ठेवल्या आणि त्याला तुमच्या फ्रिजसारखी रात्र लावली. निम्म्या त्याच मातीच्या ट्रेमध्ये माळावर ठेवल्या, रोज हलकं पाणी. कपाटातल्या उगवल्या. माळावरची एकही नाही.

अक्का रोज दोन्हीकडे बघायची. एक दिवस ती कपाटाच्या काचेशी उभी राहून म्हणाली, "मशीनमध्ये येतंय, मातीत का येत नाही अम्मा?"

"मातीला गार रात्र मिळत नाही, अक्का."

"मग मशीन मातीत नेऊन ठेवायचं काय?" असं म्हणून ती हसली. मी हसले नाही, कारण मी आदल्या दिवशी खरंच तोच विचार करत होते. माळावर सावलीची जाळी, ओली पोती, काय काय. काही केलं तरी ती रात्र येत नव्हती.

कपाटातली रोपं आम्ही माळावर लावली. ती जगली. फुलं आली. अक्काने चार फुलं तोडून सोमवारी देवळात नेली, शिवाला तुंब्याचं फूल लागतं म्हणून.  बी धरलं, गळलं, मातीत गेलं. या वर्षी पाऊस चांगला झाला आणि त्यातलं एकही उगवलं नाही. मी पुन्हा माती चाळली, पुन्हा कापून औषधात घातलं. पुन्हा लाल. मागच्या वेळी लाल बघून उडी मारली होती. या वेळी मी डिश बाजूला ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिले. जिवंत आहे आणि उगवणार नाही. त्याला जी खूण हवी ती या जागेवर परत येणार नाही, आणि त्याला ते माहीत नाही. ते आतल्या आत तेवढंच तेल, तेवढाच जीव जपत बसलंय, जो एक दिवस संपेल. तुम्ही याला धीर म्हणायचात. मला आता ते बघवत नाही.

तरी मी माळ सोडला नसता. सोडला तो अक्कामुळे.

पाऊस संपताना माझ्या लक्षात आलं की ती उन्हातही नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून येते. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. विचारलं तर म्हणायची, "स्वल्प खाज येते, काही नाही." एका दुपारी ती चहाचा पेला घेताना बाही वर सरकली. कोपराच्या आतली कातडी काळी पडून जाड झालेली, भेगा पडलेल्या, भेगांतून पाणी. मी जबरदस्तीने गळ्याचं बटण काढायला लावलं. मान तशीच. पापण्या सुजलेल्या होत्या आणि मी रोज बघून समजत होते की हिची झोप होत नसेल. मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काम कुठे करते?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गाजर गवत आहे तिथे?" मी म्हटलं, तेच उपटते. "मग ते तिच्या अंगात बसलंय. मलम देते, गोळ्या देते. पण तिने त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. असंच चालू राहिलं तर दमा होईल. हातमोजे घालून भागणार नाही."

 रिक्षात ती म्हणाली, "मी गेले नाही तर माळ कोण राखणार?"

"मी बघते."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुमचे गुडघे वाकतात काय?"

मी खात्याच्या साहेबांना भेटले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फवारणी करून टाका, मॅडम. एका दिवसात साफ." मी सांगितलं की फवारणीत सगळंच जाईल. ते म्हणाले, "सगळं म्हणजे काय? तुम्हीच तर म्हणता की तिथे आता दुसरं काही उगवत नाही."  बाई, आयुष्यभर मी ज्या विषयावर बोलत आले त्यात पहिल्यांदा मला समोरच्याला उत्तर देता आलं नाही. दुसरी माणसं कामाला लावावीत तर त्यांच्याही कातडीत ते बसणार. कुणाची तरी कातडी द्यायची आणि मातीत कधीही न उगवणारं बी राखायचं, हा हिशेब मला जमेना. तुम्ही असतात तर काय केलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. खरं तर मला तुमचा राग आला. तुम्ही जाताना मला माळ दिलात, सोडायचा कधी ते सांगितलं नाहीत.

म्हणून आज सकाळी सांगितलं. अक्काला रोपवाटिकेत काम मिळालंय, बंद पॉलिहाउसमध्ये, तिथे हे गवत नाही. मी खुरपं घेतलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "मोठ्या मॅडम रागावल्या असत्या." मी म्हटलं, रागावू देत. मग आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. ती रडली नाही, मीही नाही. तिने पदराने मान पुसली आणि औषध लागू पडतंय म्हणाली, आग कमी झालीय. एवढी एक गोष्ट बरी झाली. माळाकडे बघितलं तर गेल्या काही आठवड्यांच्या सरींवर सगळीकडे गाजर गवताची कोवळी चकती धरलेली होती, कुंपणापासून कुंपणापर्यंत, आणि काचेच्या भिंतीवरची यंत्रं घुमत होती. दिवाळीपर्यंत सगळं पांढरं होईल. लांबून बघणाऱ्याला छान वाटेल.

तुंब्याचं थोडं बी मी शीतपेटीत ठेवलंय. ते तिथे बरीच वर्षं टिकेल. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. विचारलं तर मी विज्ञानाचं काहीतरी सांगेन.

हे मी कुठे पाठवणार नाही. कुणाला वाचायलाही देणार नाही, खाली जे लिहितेय त्यामुळे तर नाहीच. आज दुपारी खात्यात कुणी नव्हतं. मी जर्मिनेटर उघडला. शेवटच्या प्रयोगाच्या डिशेस आत होत्या, सगळ्या गाजर गवताच्या. आज सकाळपासून मला कशानेच बरं वाटलं नव्हतं. झाकण काढलं तर टिपकागदावर पांढरे कोंब, नुकतेच फुटलेले, काहींच्या टोकाला बियाचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. मला माहीत होतं हे काय आहे. अक्काची मान माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि तरीही, बाई, माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आलं गं." आनंदाने. एका क्षणापुरतं, पण आनंदानेच.